पिवळ्या उजेडाची बॅटरी

शनिवारी सकाळी सुयश शहरातल्या मुकुंदवाडीहून गाडीवर निघाला, तो वैजापूरच्या रस्त्याला लागला तरी त्याच्या मनातल्या शिव्या संपेनात. शिव्या मेव्हण्याला होत्या, बायकोला होत्या, आणि थोड्या मराठी भाषेलाही होत्या. एका शब्दानं त्याचा घात केला होता, आणि तो शब्द म्हणजे बॅटरी.

आता तुम्ही शहरातल्या माणसाला विचारा, बॅटरी म्हणजे काय. मोबाइलमध्ये असते, गाडीत असते, ती. अन् वैजापूरकडच्या माणसाला विचारा. तो म्हणणार, अंधारात वाट दिसावी म्हणून मारायची ती बॅटरी. तिच्या पोटात घालतात ते शेल. सुयशची बायको करुणा वैजापूरकडची. लग्नाला एवढी वर्षं झाली, पोरगी शाळेत जायला लागली, तरी ह्या एका शब्दाचा निकाल त्या घरात लागला नव्हता.

झालं असं, की गुरुवारी करुणाचा भाऊ शिवराज पंपाचा कसलासा भाग घ्यायला शहरात आला आणि बहिणीकडं डोकावला. सुयशनंच मागं दिलेल्या त्याच्या टॉर्चमधला सेल गेला होता. करुणानं नवऱ्याला फोन लावला. सुयश विमा कंपनीच्या ऑफिसात, समोर गिऱ्हाईक बसलेलं. तो घाईत म्हणाला, कपाटातल्या निळ्या डबीतली बॅटरी दे त्याला. करुणानं निळी डबी उघडली, तर आत नुसते शेल. बॅटरी होती लाल डबीत. नवऱ्याला डबीचा रंग आठवला नसणार, असं समजून तिनं लाल डबीतली बॅटरी भावाच्या हातात ठेवली, वर चिवड्याची पिशवीही दिली.

संध्याकाळी सुयशनं लाल डबी उघडली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. करुणा मात्र जागची हलली नाही. बॅटरी म्हणाले, बॅटरी दिली, माझं काय चुकलं? आणि समोरच्याचं बरोबर असलं की माणूस जास्तच चिडतो.

बरं, ती टॉर्च साधी असती तर गोष्ट वेगळी. घरात टॉर्चा काय कमी होत्या? उशीखाली टॉर्च, देवघरात टॉर्च, संडासातही एक टांगलेली. पण लाल डबीतली टॉर्च म्हणजे सुयशचा जीव की प्राण. चिकलठाण्याच्या एका लेथवाल्याच्या मागं लागून त्यानं तिचं तांब्याचं नळकांडं करून घेतलं होतं. आतली एलईडी परदेशातून मागवली होती, मोहरीएवढी, आणि करुणाच्या डोशाच्या तव्यावर डाख वितळेपर्यंत तापवून तिच्या जागी बसवली होती. त्या तव्यावरून जे महाभारत झालं ते वेगळंच. जोडीची दुसरी एलईडी तव्यावरच करपून गेली, आणि तसली आता कुठं मिळत नव्हती.

ह्या एलईडीचा उजेड पिवळा होता. बाजारातल्या टॉर्चा मारतात पांढरा, निळसर उजेड. त्यात स्वतःचा हात बघितला तरी मढ्याचा वाटतो. सुयशच्या टॉर्चमध्ये टोमॅटो लाल दिसायचा, वांगं जांभळं दिसायचं, माणूस माणसासारखा दिसायचा. त्याच्यासारख्या टॉर्चवेड्यांचा शहरात एक गट होता. रविवारी दुपारी एका मंगल कार्यालयाच्या तळघरात, भांड्यांच्या खोलीत, ही मंडळी टॉर्चा घेऊन जमत आणि कुणाचा उजेड कसा ते भिंतीवर पाडून बघत. त्यात सार्थक नावाचा एक इंजिनिअर होता. सगळा माल बाहेरचा, आयता. त्यानं मोबाइलवरच्या गटावर सगळ्यांदेखत लिहिलं होतं, की सुयशभाऊ आता तव्यावर भाजलेली टॉर्च आणणार, सोबत चटणी आणा. सगळे खदाखदा हसले होते. त्या हसण्याला सुयश ह्या रविवारी उत्तर देणार होता. रविवार उद्यावर आला आणि उत्तर जाऊन पडलं होतं वैजापूरला.

फोनवर शिवराज म्हणाला होता, "दाजी, काळजी करू नका. तुमची बॅटरी लई भारी झालीय, बघालच तुम्ही." सुयशला वाटलं, गावाकडच्या माणसाला सुद्धा चांगल्या उजेडाची पारख आहे. तेवढंच बरं वाटलं.

तो पोचला तेव्हा सासू सारजाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं पाणी दिलं, पोरीची चौकशी केली, पण चेहरा काही खुलला नाही. मायलेकाचं काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. शिवराज मात्र हसतच आला. त्यानं टॉर्च रुमालात गुंडाळून ठेवली होती, तांबं चिंचेनं घासून लख्ख केलं होतं. दाजींना धान्याच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यानं बटण दाबलं.

पांढराफटक उजेड पडला. पोती निळी दिसायला लागली. सुयशनं टॉर्च त्याच्या हातातून हिसकावून घेतली, आणि पुढं काचेत निरखून बघितलं. आत भलताच, हरभऱ्याएवढा दिवा बसवला होता.

शिवराज कौतुकानं सांगत होता. बॅटरी आणली तर उजेड पिवळा पडलेला. आता दाजी कामाचा माणूस, त्यांना सवड कुठं, म्हणून काल बाजारात नेऊन दुरुस्त करून घेतली. दुकानदार म्हणाला, जुना माल पार गेलेला होता.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! सुयशचा आवाज असा चढला, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. उजेड पिवळा पडला नव्हता, पिवळाच होता, मुद्दाम होता. कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी एका शब्दानं विचारायला काय तोंड दुखतं? शहाणपणा करायचाच तर आपल्या वस्तूवर करावा. विचारायला पाहिजे होतं, हे वाक्य तर त्यानं इतक्यांदा म्हटलं, की शिवराजच्या बायकोनं आतून दार लोटून घेतलं.

"जुना कुठं टाकला?" त्यानं शेवटी विचारलं.

"टाकला असंल त्यानं गटारीत," शिवराज म्हणाला. आता त्याचंही तोंड लाल झालं होतं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. "आन् दाजी, मी काय मनानं केलं व्हय? पिवळा उजेड म्हंजी मेलेला उजेड, हे तुम्हीच शिकवलं आम्हाला. आप्पांची बॅटरी नेली तवा."

सुयश बाहेर ओट्यावर येऊन बसला, शिवराजही मागोमाग आला. आप्पा म्हणजे सुयशचे सासरे. ते गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ह्याला टॉर्चचं खूळ लागलं होतं, नवं नवं, आणि नव्या खुळात सगळ्यांना लागतो तसा पांढऱ्या उजेडाचा नाद लागला होता. दिवाळीला आला असताना खुंटीवरची आप्पांची तीन शेलांची जुनी बॅटरी दिसली, ती त्यानं पिशवीत टाकली. आतला बल्ब काढून पांढरी एलईडी घालून आणली, आणि ओट्यावर उभं राहून नाल्यापलीकडचा लिंब उजळून दाखवला. गल्लीतली पोरं नाचली होती. पुढं बरेच दिवस तो ती गोष्ट ऑफिसात सांगायचा.

सारजाबाई आत गेली होती. आली ती आप्पांची बॅटरी घेऊन. बॅटरी स्वच्छ पुसलेली होती, पण आत शेल नव्हते. उजेड बदलला तेव्हापासून तिच्यात कुणी शेल घातलेच नव्हते. तिनं ती सुयशसमोर ओट्यावर ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा जावयाला सुनावलं. आवाज काही चढवला नाही तिनं, पण शब्द एकेक करून टाकला. म्हणाली, की गुरुवारी शिवराजनं ती तांब्याची बॅटरी लावली तेव्हा तिला कळेना, आप्पांचा उजेड घरात आला कुठून. त्या उजेडात ती गोठ्यात जाऊन आली, उगंच परसात फिरून आली. दुसऱ्या दिवशी पोरानं तो घालवला, तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नाही.

"मघापासून त्याला इचारताय, जुना कुठं टाकला," ती म्हणाली. "ह्यांचा बल्ब तुम्ही कुठं टाकला होता, पाव्हणं?"

सुयशला पक्कं ठाऊक होतं. टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात, न बघता. विचारायला पाहिजे होतं, एवढंच म्हणण्यासारखं होतं, आणि ते त्याच तोंडानं तो आत्ताच शिवराजला ऐकवून बसला होता. शिवराज जमिनीकडं बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं.

"मामी, चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलं तर चुकलं. न्या ही, अन् व्हती तशी करून आणा." एवढं बोलून ती परत शेंगा फोडायला बसली.

रविवारी दुपारी तळघरात सार्थकनं भिंतीवर उजेड पाडला, आणि सुयशभाऊ चटणी आणायला गेले का, असं गटावर विचारलं. सुयशनं ते वाचलंसुद्धा नाही. आप्पांची बॅटरी काखेत मारून तो शहागंजच्या बाजारात दुकानामागून दुकान पालथं घालत होता. जुन्या बॅटरीचा बल्ब, पिवळा, म्हटलं की लोक त्याच्याकडं बघून मान हलवायचे. शेवटच्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी बॅटरी हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि बटण सरकवून बघितलं.

"पीला अब कौन लेता साब?" ते मायेनं म्हणाले. "छोडके जाव इधर. अंदर का सब निकालके एकदम मस्त सफेद करके देता."

सुयशनं दोन्ही हातांनी बॅटरी परत ओढून घेतली.