सहाव्या नंबरावरचे ईश्वर आबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. वरवंडच्या शिवारात, सुभान मामूंच्या वांग्यांच्या कडेला खांबावर बसलेला. डोक्यावर वीतभर अँटेना, पाठीवर छोटं सोलर पॅनेल. त्या खोलगट भागात मोबाईलला रेंज नसते. म्हणून घरोघरी माझ्यासारखे डबे आहेत; मी निरोप पुढच्या डब्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही. आम्हीच एकमेकांचे पोस्टमन.

माझा जन्म शिरूरचा. मामूंची भाची तहमीना हिने बाळ झोपलं की तेवढ्या वेळात, स्वयंपाकाच्या ओट्यावर मला जोडलं. माझ्या कडेला अजून बेसनाचा डाग आहे.

खांबावर चढवताना तिने विचारलं, "मामू, अडीनडीला ह्याचं लाल बटण दाबलं तर ह्यानं आधी कुणाला हाक मारायची?"

"आधी आपली माणसं." कुरकुंभचा मेहुणा अलीम, मग चार पाहुणे.

"आन् ओढ्यापलीकडचे ईश्वर आबा? सगळ्यात जवळ तेच हायेत."

"त्याच्या बकऱ्यांनी माझी मेथी खाल्ली. टाक शेवटी, तुझ्या समाधानासाठी."

दोन वर्षं मी निरोप वाहिले. मोटार बंद करा, टेंपो निघाला, भाकरी पाठवा. आल्यागेल्याला मामू मला कौतुकाने दाखवायचे.

एके दुपारी मामू दौंडच्या बाजाराला गेले होते आणि हसीना मामींची गाभण शेळी चांदी शेततळ्यात घसरली. तळ्यातला प्लॅस्टिकचा कागद बुळबुळीत, तिला वर चढताच येईना. मामींनी हाका मारल्या, पण मध्ये ऊस उभा. मग त्यांनी धावत येऊन बटण दाबलं.

मी शिकवल्याप्रमाणे यादी धरली. अलीमला हाक मारली, मिनिटभर थांबलो. तो कामाच्या पाळीवर. मग पहिला पाहुणा, पुन्हा मिनिट. मग दुसरा. चांदीचं नुसतं नाक वर राहिलं होतं आणि मामी पदर खोचून तळ्यात उतरायच्या बेतात होत्या. मित्रांनो, मला पळता येत नाही. मला क्रम तेवढा पाळता येतो.

सहावी हाक आबांना गेली. ओ लगेच आली, आणि मागोमाग उसातून दोर घेऊन स्वतः आबा.

"भाभी, मागं सरा. त्या कागदावर माणसाचाबी पाय टिकत न्हाई."

फास टाकला, दोघांनी ओढलं. चांदी वर आली, अंग झटकलं आणि आबांना नखशिखांत भिजवलं.

संध्याकाळी मामू परतले, तर बांधावर आबा चहा पीत बसलेले. दोन वर्षांनी मामू त्यांच्याशी बोलले, "कवा आलास?"

"बोलावलं तवाच. तुझं पाच पाव्हणं झाल्यावर."

"आणखी एक पाव्हणा असता तर शेळी गेली असती," मामी म्हणाल्या.

शुक्रवारी तहमीना आली आणि तिने यादी पुसली. आता मी सगळ्यांना एकदम हाक मारतो. ज्याची ओ आधी, तो जवळचा. शिवाय रोज पहाटे एकेकाला 'आहात ना?' असं विचारून ठेवतो, म्हणजे वेळेला शोधाशोध नको.

"आन् नात्याचं काय?" मामूंनी विचारलं.

"नातं ह्याला कळत न्हाई, मामू. ह्याला फक्त ओ ऐकू येते."

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. पॅनेलवर धूळ साचली की मी मुका होतो, म्हणून आठवड्यातून एकदा ओलं फडकं फिरवा. आणि काही काम नसतानाही शेजाऱ्याला एखादी हाक मारून बघा. ओ येते का, ते आधीच माहीत असलेलं बरं.