सोळावी पेंढी

एकाच शेताला कापणीच्या दोन टोळ्या येऊन भिडल्या, तेव्हा दिवस कासराभर वर आला होता.

“सांगावा आम्हाला आलाय,” खालच्या आळीच्या टोळीचा मुकादम म्हणाला. अंगानं निव्वळ काडी, म्हणून सारा गाव त्याला पैलवान म्हणायचा.

“मग आम्ही काय वाट चुकून आलो?” वरच्या आळीची मुकादमीण, आक्का, कडाडली.

शेताचे मालक, पेन्शनीत निघालेले गुरुजी, बांधावर बसून ऐकत होते. दोघांना तोंडभर भांडू दिलं आणि मग हळूच म्हणाले, “कापणीची मजुरी विसात एक पेंढी. बाविसात एक कोण घेतं?”

“आम्ही!” पैलवान म्हणाला.

“पंचविसात एक!” आक्काच्या तोंडून निसटलं, आणि तिच्यामागच्या सोळा बायकांच्या माना खाली गेल्या.

काम मिळालं. दुपारी सावलीत पाणी पिताना आक्काची धाकटी जाऊ म्हणाली, “उद्या तिसावर जा, आक्का. पुढल्या साली आपणच मालकाला दोन पेंढ्या देऊ, कापू द्या म्हणून.”



दोन वर्षांमागं कापणीचं यंत्र आलं आणि सपाटीची मोठी रानं त्यानं गिळली. उरली ती उतारावरची आठ मालकांची चिंचोळी शेतं. बांधामुळं तिथं यंत्राला वळता येत नव्हतं. तेवढ्यावर दोन टोळ्यांची पोटं, आणि तेवढ्यासाठीच ही ओढाताण. विळा धरण्याआधी आक्का मातीला हात लावून कपाळाला लावी. देवाघरी प्रत्येकाचा वाटा ठेवलेला असतो, असं ती मनापासून मानायची. तो वाटा हातात कोण देतं, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ती पैलवानाच्या दारात उभी राहिली.

“भांडायला आलीस का?”

“भांडून दमले. पंचविसात पोरांना काय घालू रे?”

पैलवानानं विळ्याची धार बोटानं चाचपली. “बस,” तो म्हणाला. “बायको, पाणी आण गं. आज ही शत्रू नाही.”

दोघांनी शब्द दिला. टोळी एकच. मजुरी सोळात एक. कमी दरानं कुणी विळा लावायचा नाही.

“अडवणूक आहे ही!” साऱ्या मालकांच्या वतीनं गुरुजी संतापले. पण गुरुजींचं कापून झालेलं शेत सोडता उरलेल्या सात शेतांत पीक वाळून कडकडीत झालं, दाणे झडायला लागले. चौथ्या दिवशी मालक नमले.

मग काय ती कापणी! दोन्ही आळ्या एका ओळीत. वरच्या आळीचं गाणं संथ, खालच्या आळीचं घाईचं. एकीचा ताल दुसरीला जुळेना, आणि हसून हसून बायकांच्या हातातले विळे थांबायचे. प्रत्येक सोळावी पेंढी बाजूला पडताना आक्काचे डोळे भरून येत. “तूच एकत्र आणलंस रे, देवा,” ती पुटपुटे.

शेतं मोकळी झाली आणि गुरुजींचं बोलावणं आलं. त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“आक्का, तुमच्याकडून शिकलो बघ. हातभर बांधापायी आमची तीन पिढ्यांची भांडणं. तुम्ही एक झालात, तेव्हा आम्ही आठजण पहिल्यांदा एका ओट्यावर बसलो. बांध काढून टाकायचे, उतार सपाट करून एकच रान करायचं. पुढच्या साली यंत्रच येईल.”

आक्काच्या हातातला तांब्या तोंडाशी गेला नाही.

“बांध फोडायला माणसं लागतील. पंधरा दिवसांचं काम आहे, मजुरी चांगली देऊ. तुमची टोळी आता मोठी आहे, म्हणून आधी तुलाच विचारतोय.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“बाहेरची टोळी येईल,” गुरुजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती.

तिसऱ्या दिवशी दोन्ही आळ्या कुदळी घेऊन पहिल्या बांधावर उभ्या राहिल्या.

“आक्का, गाणं उचल,” पैलवान म्हणाला.

कापणीचं गाणं होतं, खुरपणीचं होतं, मळणीचं होतं. बांध फोडायचं कुणी रचलंच नव्हतं. पहिली कुदळ पडली, दुसरी पडली. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं, साऱ्या कुदळी एकदमच वर जात होत्या आणि एकदमच खाली येत होत्या. भर कापणीत न जुळलेला ताल आज आपोआप जुळला होता.

सवयीनं तिनं वाकून मातीला हात लावला. तो कपाळाकडं न्यायचा, पण हात वर जाईना. तिनं तो पदराला पुसला आणि कुदळ उचलली.