चष्म्याच्या डबीचा आवाज

घरात तिला सगळे टकटक म्हणत. नाव पडलं ते लहानपणीच. हात म्हणून एका जागी ठरायचे नाहीत. जेवताना ताटाच्या कडेवर, शाळेत बाकावर, प्रवासात पुढच्याच्या सीटवर. एकदा तर वडील दुपारचे झोपले असताना त्यांच्या टकलावर तिने असा काही ठेका धरला, की ते दचकून उठले आणि "आलो, आलो" म्हणत दार उघडायला गेले. आई कपाळाला हात लावायची. "या कार्टीच्या हातांना बेड्या घाला कुणीतरी!"

पुढे त्याच हातांनी तिला पोटापाण्याला लावलं. आठवडाभर ती एका स्टुडिओत जाहिरातींचे आवाज कापायची, जोडायची. रविवारी दुपारी रंगाच्या एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर लोकांसमोर बसून तिथल्या तिथे बीट, म्हणजे आवाजांचे तुकडे जोडून ठेके, बनवायची. टेबलावर ताटाएवढं एक यंत्र आणि त्यावर रबराची चौकोनी बटणं. घरून काही तयार करून आणायचं नाही, हा तिचा नेम. आवाज द्यायचे ते समोर बसलेल्यांनी. कुणी किल्ल्यांचा जुडगा हलवायचा, कुणी बॅगेची चेन ओढायचा. एक आजोबा दर वेळी खोकला द्यायचे आणि वर सांगायचे, "आज जरा ओला आहे हं." ती माइक पुढे करायची, आवाज एका बटणात बसवायची, आणि बघता बघता त्या खोकल्यावर सगळी खोली माना डोलवायला लागायची.

ताई आणि भावजी तिच्या कार्यक्रमाला कधी आले नव्हते. भावजींचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस मोठा लाघवी. दुकानात आलेलं गिऱ्हाईक चष्मा न घेता गेलं तरी हसत जायचं. आईची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं त्यांनीच पुढे होऊन करवली, पट्ट्या सुटेपर्यंत उशापायथ्याशी बसले. तेव्हापासून आईच्या लेखी जावई कसला, सोन्याचा तुकडा. ताईचं माहेरी येणंजाणं मात्र कमी होत गेलं होतं. कधी डोकं दुखायचं, कधी पाहुणे असायचे. फोन केला की तिचा आवाज असा यायचा, जणू शेजारच्या खोलीत कुणी तान्हं बाळ झोपलंय. बाळ तर त्यांना नव्हतं. टकटकला ते जाणवायचं, पण संसारात पडलेल्या माणसाला किती खोदून विचारणार?

त्या रविवारी मात्र दोघं अचानक गोदामाच्या दारात उभी राहिली.

"काय मेहुणीबाई! गावभर तुमचं कौतुक, आणि आम्ही घरचेच उपाशी?" भावजी म्हणाले. "हिला घेऊनच आलो बघा. नको नको म्हणत होती. म्हटलं, चल, बहिणीचं करू नये तर कुणाचं करावं?"

ताई हसली. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा कुर्ता होता तिचा, आणि खोलीत तर पंखेही पुरत नव्हते. भावजींनी तिला अगदी पुढच्या रांगेत बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकला.

कार्यक्रम नेहमीसारखा सुरू झाला. आजोबांचा खोकला आला, कुणाच्या बांगड्या आल्या, एका बाईने पाण्याची बाटली हलवून दिली. टकटकने खालचा जाड ठोका स्वतःच्या छातीवर मूठ आपटून घेतला. ठेका धरला गेला, पण त्यात अजून तोंडी लावायला काही नव्हतं.

"एक कडक आवाज हवा," ती म्हणाली. "तोडून टाकणारा. आहे कुणाकडे?"

"आमच्याकडे आहे की," भावजी उठले. खिशातून त्यांनी काळी, टणक डबी काढली, चष्म्याची असते तशी, स्प्रिंगच्या झाकणाची. माइकसमोर धरून त्यांनी ती मिटली.

टप्.

आवाज असा कोरडा आणि नेमका, की टकटकला हावच सुटली. असा आवाज महिना महिना शोधून मिळत नाही. तिने तो बटणात घेतला, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर बसवला, आणि खोलीत एकदम जीव आला. पाय आपटले जाऊ लागले, मागे दोघंचौघं उभी राहिली. भावजी मागे वळून सगळ्यांना लवून नमस्कार करत होते. "बघा, चष्मेवाला म्हणून हिणवू नका!"

वाजवताना टकटक लोकांच्या अंगाकडे बघायची. ठेका कुठे पोचतोय ते कानांना उशिरा कळतं, लोकांच्या खांद्यांना आधी. तिने ताईकडे बघितलं. ताईचेही खांदे हलत होते. पण काहीतरी चुकत होतं. बाकीचे ठोक्यावर खाली जात होते, ताई वर जात होती. डबीचा आवाज आला की तिची मान आत ओढली जायची, डोळे घट्ट मिटायचे.

टकटकला वाटलं, आपल्याला भास होतोय. तिने डबीचा आवाज त्याच्या जागेवरून उचलला आणि भलत्याच ठिकाणी टाकला, जिथे कुणाला अपेक्षाच नव्हती. खोली अडखळली, हसली. ताईचे डोळे मात्र बरोबर त्याच आवाजाला मिटले. मग तिने आवाज पूर्ण काढून घेतला. खोकला, बांगड्या, पाणी तसंच चालू राहिलं. लोक नाचत राहिले, आणि ताई खुर्चीची कड धरून वाट बघत बसली. जवळ येणाऱ्या गाडीकडे रस्त्याच्या मधोमध उभं राहून कुणी बघावं, तशी. टकटकचं बोट सवयीने पुन्हा बटणावर पडलं.

टप्.

ताईचा डावा हात झटकन कानावर गेला, आणि लगेच, केस सारखे केल्यासारखा, खाली आला.

आपण काय करतोय हे टकटकला त्या क्षणी कळलं. तिने तो आवाज यंत्रातून पुसून टाकला आणि उरलेल्या ठेक्यावर कशीबशी वाजवत राहिली.

"अहो मेहुणीबाई," भावजींचा आवाज आला, खेळकर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आमचीच डबी का गाळलीत?"

"बिघडला तो आवाज. नीट आला नव्हता."

"छे! चांगला तर होता." ते तिच्याकडे बघत होते. चेहरा हसरा होता, डोळे नव्हते. तिला कळलंय हे त्यांना कळलं होतं. "बिघडला तर दुसरा घ्या, त्यात काय! काय मंडळी?"

"डबी! डबी!" मंडळींना काय, तमाशाच हवा. टाळ्या सुरू झाल्या. ठेका थांबला.

भावजी टेबलापाशी आले. या वेळी त्यांनी डबी नुसती मिटली नाही. डोळ्यांवरचा चष्मा काढला. दोन्ही काचांवर फुंकर घातली, खिशातला मऊ रुमाल काढून त्या पुसल्या, एक एक करून, अजिबात घाई न करता. चष्मा डबीत ठेवला. झाकणावर अंगठा ठेवला, आणि माइककडे नाही, ताईकडे वळून उभे राहिले. आवाज नीट यावा म्हणून खोली चिडीचूप झाली होती.

"नको," ताई म्हणाली.

अगदी हळू म्हणाली. पण माइक चालू होता. दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून तिचा तो 'नको' खोलीभर पसरला. लोकांना वाटलं, गंमतच चाललीय. सगळे खो खो हसले.

झाकण खाली येत होतं. टकटकने पुढे होऊन डबीत हात घातला. तिची बोटं झाकणाच्या कडेखाली सापडली. कुणीही चटकन झाकण उघडलं असतं. भावजींनी तसंच हसत हसत अंगठा दाबला. अजून दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने बोटं काढली नाहीत, आणि त्या दोघांमध्ये काय चाललंय हे पहिल्या रांगेतल्या एका बाईखेरीज कुणालाही दिसलं नाही.

"आज ही डबी माझ्याकडे राहू द्या, भावजी," ती माइकमध्ये म्हणाली. "हा आवाज मला निवांत हवाय." आणि दुसऱ्या हाताने तिने डबी चष्म्यासकट ओढून घेतली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या लोकांसमोर भावजी काय करणार? चष्म्याशिवाय त्यांना हातभर पलीकडचं धड दिसत नसे. उघडे पडलेले बारीक डोळे किलकिले करत ते म्हणाले, "अहो, मग मी गाडी कशी चालवू?"

"टॅक्सी मिळेल. आणि ताई आज माझ्याकडे राहील. किती दिवसांत आम्ही दोघी बोललोच नाही."

जिन्यावर कठडा चाचपडत उतरताना ते एका पायरीवर थांबले. "जपून ठेवा डबी," ते गोड आवाजात म्हणाले. "मी येईन घ्यायला."

आपल्या एकटीच्या घरी आल्यावर टकटकने बोटांना बर्फ लावला. ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होती. मग ताईच बोलायला लागली, दुसऱ्या कुणाची तरी हकीकत सांगावी तशी.

"आधी ते चष्मा काढतात. पुसतात. डबीत ठेवतात. म्हणतात, काच महाग असते, उगाच तडा जायला नको."

"मग?"

"मग डबी मिटतात."

पुढचं तिने सांगितलं नाही. बाही मात्र वर केली, आणि टकटकने काही वेळ बघितल्यावर पुन्हा खाली ओढली.

"आईला सांगितलंस?"

"एकदा. ती म्हणाली, माणूस तापट असतो, बाईने सांभाळून घ्यावं."

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आलाच. "ज्या माणसाने मला डोळे दिले, त्याच्यावर असले आळ घेता? तो इथे येऊन रडून गेला गं! दोन घास खाल्ले नाहीत त्याने." टकटकने खूप सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने फोन ठेवला आणि ताईला घेऊन एका वकीलबाईंकडे गेली. वकीलबाईंनी दवाखान्यात पाठवून ताईची तपासणी करवली, कोर्टात द्यायचे कागद केले आणि बजावलं, "निकाल लागायला वेळ लागेल. तोवर दोघींपैकी कुणीही एकटीने त्याला भेटायचं नाही."

पुढच्या रविवारी भावजी कार्यक्रमाला आले. नवा चष्मा होता, त्यांना काय तोटा! पहिल्या रांगेत, त्याच खुर्चीवर बसले. काही बोलले नाहीत, आवाज दिला नाही. प्रत्येक बीटनंतर मनापासून टाळ्या वाजवल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. टकटकने गोदामाच्या मालकाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तिकीट काढून येतो, टाळ्या वाजवतो. त्याला कोणत्या तोंडाने हाकलू?" तिचा हात चुकायला लागला. जे ठोके झोपेत पडले असते, ते मागेपुढे होऊ लागले. आजोबांनी विचारलं, "बरं नाही का गं बाळ?"

मग एका रविवारी ती खुर्ची रिकामी राहिली. क्षणभर तिला हायसं वाटलं. आणि लगेच मनात आलं, इथे नाही, तर कुठे? ताई घरी एकटी होती. ठेका चालू ठेवूनच तिने फोन लावला.

"मी दार उघडलेलं नाही," ताई कुजबुजली. "तो समोरच्या पायरीवर बसलाय. मघापासून. नुसता खिडकीकडे बघतोय."

आजवर ती त्यांना 'ते' म्हणायची.

टकटकने सगळं तिथेच टाकलं आणि धावली. मागे यंत्र आपोआप वाजत राहिलं, लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. ती पोचली तेव्हा भावजी खरंच पायरीवर बसले होते, हातात फुलं होती. तिला बघून ते उठले, पँटची धूळ झटकली. वरून शेजारीपाजारी डोकावू लागले होते.

"घाबरलात?" ते म्हणाले. "अहो, मी काय वाघ आहे? नवरा आहे तिचा. मला कसली घाई नाही, मेहुणीबाई. मी बसून राहू शकतो."

फुलं पायरीवर ठेवून ते निघून गेले. या वेळी मात्र दोन शेजारणींनी सगळं बघितलं, ऐकलं आणि वकीलबाईंसमोर येऊन सांगितलंही. पहिल्या रांगेतली ती बाईही शोधून काढली. तिला टकटकची सापडलेली बोटं आठवत होती. कोर्टाने भावजींना दोघींपासून लांब राहायला सांगितलं आणि ते लांब राहिलेही. निदान दिसले तरी नाहीत. ताईने एका छापखान्यात काम धरलं. येताजाता ती रस्त्याच्या त्या बाजूने चालायची, जिथे दुकानांच्या काचांत मागचं दिसतं. दोघींनी घर बदललं. आई अजून मोठ्या मुलीशी बोलत नाही.

टकटक पुन्हा रविवारी वाजवायला लागली. एकदा तिने नेहमीसारखं विचारलं, "कडक आवाज आहे कुणाकडे?" मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून एक उंच माणूस हात वर करून उठला.

"कोण आहे?" ती माइकमधून जरा जोरातच म्हणाली. "आधी उजेडात या."

माणूस बिचारा गोंधळून पुढे आला. कुणी परका, भला गृहस्थ होता. हातात छत्री होती, तिचा खटका दाबून उघडायचा आवाज द्यायचा होता त्याला.

"राहू द्या," टकटक म्हणाली. "नको आज."

तो माणूस ओशाळून जागेवर जाऊन बसला. टकटकने छातीवर मूठ आपटून ठोका घेतला आणि तेवढ्यावरच वाजवायला सुरुवात केली.