उंबऱ्यावरचा वडा

सुमनच्या वर्षश्राद्धाला पानात तिच्यासारखे चवळीचे वडे असावेत, एवढंच प्रतापला हवं होतं. दर शुक्रवारी ती ते करायची. आज सकाळपासून तो आखातातल्या, खैतान भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये कढईपुढे उभा होता आणि घाण्यामागून घाणा तेलात विरघळत होता. सिन्नरला मेहुणीला फोन केला, तर ती म्हणाली, "भाऊजी, असले वडे आमच्याकडे कुणी केलेच नाहीत कधी."

प्रतापने गॅस बंद केला. बायकोबरोबर तिचे वडेही गेले म्हणायचे.

जळका वास आला तशी समोरची दाल्वा आली. ही ब्राझीलची. नवरा इथल्या एका क्लबात फुटबॉल शिकवतो. सुमनची जिवाची मैत्रीण. पिठात बोट घालून तिने मोडक्या हिंदीत विचारलं, सालं नाही काढली? वर पाणी घालून वाटलं? मग उरलेली भिजवलेली चवळी तिने तळव्यांत चोळली, तरंगलेली सालं ओतून टाकली, बिनपाण्याची वाटली आणि कांदा-मीठ घालून हात भरून येईस्तोवर फेटली.

फेटता फेटता ती सांगत होती. तिच्या आजीच्या आजीला गुलाम करून आफ्रिकेतून जहाजात घालून नेलं. योरुबा जमातीची माणसं. बरोबर काही म्हणजे काही घेऊ दिलं नाही. पण चवळी कशी सोलायची ते हातांना ठाऊक होतं, ते कोण काढून घेणार? तेच आईकडून दाल्वाकडे आलं आणि तिच्याकडून सुमनकडे.

प्रताप बघतच राहिला. इतकी वर्षं तो हे वडे सासुरवाडीचे समजून खात होता.

पहिला छोटा वडा तेलातून अख्खा निघाला, तो दाल्वाने वाटीत घालून उंबऱ्यावर ठेवला. "हा एशूचा. वाटा मोकळ्या करणारा देव आमचा. तुम्ही रिफायनरीतून सुखरूप घरी यावं म्हणून सुमन ठेवायची."

"दाराशी ठेवलेला? तो तर मीच खायचो. वाटायचं, माझ्यासाठीच आहे."

दाल्वा हसायला लागली. "माहीत होतं तिला. म्हणायची, ज्याच्यासाठी मागते तोच खातोय, देव कशाला रागावेल?"

प्रतापलाही हसू फुटलं आणि हसता हसताच त्याने डोळे पुसले. पान वाढून झाल्यावर त्याने सुमनच्या फोटोला हात जोडले. मग दाल्वाला जोडायला वळला, तर तिने त्या हातांत डाव ठेवला.

"पुढच्या शुक्रवारी तुम्ही करायचे, प्रतापभाई. मी बसून खाणार."

उंबऱ्यावरच्या वाटीला त्याने या वेळी हात लावला नाही.