गाळलेली ओवी

धावडा गावात तुळजाबाईच्या घरी बसायची मुभा सगळ्यांना होती, सुनेला तेवढी नव्हती. गोजर लग्न होऊन आली त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिची पाठ भिंतीला टेकली असेल तर ती बाळंतपणात. पहाटे जातं, मग विहीर, मग चूल, मग शेत, अन् पुन्हा चूल. घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर झापड असते. हिला सगळं दिसत होतं. जावं तरी कुठं? मंठ्याला माहेर होतं, बाप गेला अन् त्या दाराला कुलूप लागलं.

त्या चातुर्मासात सासऱ्याच्या, कडूबाच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि रोजची पोथी अडली. गोजर चुलीपासून हळूच म्हणाली, "आत्याबाई, मला येतं वाचता. बापानं शिकविल्तं."

"अगं बया! अन् अकरा वर्षं गप बसलीस व्हय?" तुळजाबाई कडाडली. पण नेम मोडण्यापेक्षा सून पाटावर बसलेली परवडली. त्या घरचा रिवाज कडक होता: अध्याय सुरू झाला की सरेपर्यंत कुणी उठायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. पाटावर बसताना गोजरला रडूच आलं. बसायला मिळालं म्हणून!

तिसऱ्या दिवशी पोथीत आलं, की हात कामात असला म्हणजे देव तिथंच येऊन बसतो. गोजर थबकली. म्हणजे पहाटे जात्यापाशी आपण एकटी नव्हतो तर! अकरा वर्षांचं दळण वाया गेलं नाही, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

"ऐकलंस?" तुळजाबाई म्हणाली. "उद्यापासनं पायलीभर जास्त दळ. देवच येतो म्हणल्यावर तुला काय जड?"

झालं! जन्मात एक गोष्ट स्वतःची सापडली होती, तीही म्हातारीनं जात्यात घातली. गोजर रात्रभर जळत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचं बोट ओळीवर होतं, पण तोंड भलतंच बोलून गेलं: "घरात दुसरा हात रिकामा असेल, तर देव उंबऱ्यावरूनच माघारी जातो."

कडूबाचे ओठ थांबले. तीस वर्षं त्यानंच ही पोथी वाचलेली, अक्षर न् अक्षर पाठ. गोजर वाचायची तेव्हा त्याचे ओठ सोबत हलायचे. देवाच्या पोथीत आपल्या पदरचं घातलं! आता म्हातारा बोलणार, पाट जाणार, कदाचित घरही. आणि पळावं तर अध्याय अर्धा.

"बराबर हाय," कडूबा म्हणाला. "हाय तिथं ती ओवी. मीच दरसाल गाळीत आलो."

तुळजाबाईनं मान वळवली. "दरसाल? मी एकटी दळीत व्हते, तवा बी?"

"तवा बी," म्हातारा खाली मान घालून म्हणाला. "वाचली असती तर तू म्हणली असतीस, बसा जात्याला समोर."

तुळजाबाई आपल्या तळहातांवरचे घट्टे बघत राहिली. मग अध्याय अर्धा टाकून ती उठली. तीस वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याचं मनगट धरून तिनं त्याला जात्यापाशी बसवलं, त्याच्या हातात खुंटा दिला अन् स्वतः समोर बसली.

गोजर गडबडीनं पाटावरून उठायला लागली.

"तू कुठं चाललीस?" तुळजाबाई डाफरली. "बस तिथंच. वाच."