पहिल्या खर्ड्यातला कावळा

खर्डा पहिला. आई मरते. दहाव्याला घाटावर पिंड ठेवताक्षणी कावळा शिवतो. मुलगा रडतो. समाप्त.

कर्वेनगरातल्या एका दिवाळी अंकाचे संपादक श्रीधरपंत यांनी हा खर्डा दोन बोटांत धरून परत केला.

"अहो सर्जेराव, आपल्या कथेत आई मेली की वाचकाला सुटल्यासारखं वाटतं. सोमवारी पानं लागतील. जमल्यास तिला नीट मारून आणा."

सर्जेरावाचं छापून येणं यंदाही हुकणार होतं. मांजरी गावातल्या घरी येऊन त्याने कथा मोठ्याने वाचली. ऐकायला आईच होती, तुळजाबाई. मेथी निवडत होती.

"ही म्हातारी म्हंजी मीच का?"

"कल्पना आहे गं, आई."

"लुगडं तर माझंच नेसलीया. मेली तर मेली. पण कावळा लगीच कसा शिवला? माझं मन कशातच अडकलं न्हाई?"

"उसाचं रान बिल्डरला गेलं, त्यात?"

"ते तुझ्या बानं दिलं. त्येच्या कावळ्यानं बघितलं असंल की. माझं पुरणयंत्र सोजरीकडं हाय. म्हायेरचं, पितळंचं. मागितलं की म्हणती, कुठलं?"

सोजर म्हणजे धाकटी जाऊ, शेजारच्याच दारात राहणारी. सर्जेरावाला याहून भारदस्त काहीतरी हवं होतं. पण सोमवार जवळ आला होता.

खर्डा दुसरा. घाटावर सगळे उपाशी. कावळा भिंतीवर. मुलगा म्हणतो, नातवाचं लग्न थाटात करीन. कावळा चोच पुसतो. राहिलेली जमीन विकणार नाही. कावळा पाठ फिरवतो. शेवटी सोजर घामाघूम होऊन म्हणते, "देते बाई तुझं पुरणयंत्र." आणि कावळा झेपावतो.

श्रीधरपंत हसले नाहीत. त्यांनी चहा सांगितला. कर्वेनगरात याला स्वीकृती म्हणतात.

अंक निघाला. भाऊबीजेला सोजरबाई दारात उभी, काखेत पुरणयंत्र, घासून लख्ख.

"नाव तरी बदलायचं हुतंस, सर्जा," एवढंच बोलून ती वळली.

तुळजाबाईने दांडा एकदा फिरवून पाहिला. मग तिचा चेहरा उतरला.

"आता मेले तर कावळा लगीच शिवायचा की रं."

ती उठली, फळीवरून काहीतरी जड उचललं आणि उंबऱ्यात जाऊन हाक मारली, "सोजरे, थांब. माझा खलबत्ता ने की घरी."