उलट्या वाटेने गेलेली वीज

मित्रांनो, कानात बोटं घालू नका, मी आत्ता बंद आहे. मी एक जुना पेट्रोलवर चालणारा जनरेटर आहे. रंग लाल होता, आता गंजाचा आणि त्याचा वाद चालू आहे. आवाज मोठा, धूर काळा, स्वभाव तिरसट. पण माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण एका दिवशी भर उजेडात माझ्या हातून एका माणसाचा जीव जाणार होता आणि मला तोंड उघडून एक शब्द बोलता येत नव्हता.

माझा जन्म कारखान्यातला. सुट्या भागांचा ढीग होतो, तो स्क्रूंनी आवळून माणसांनी मला आकार दिला. पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा मी असा काही गरजलो की शेजारी उभा असलेला पर्यवेक्षक दचकून मागे सरला. पुढे दुकानाच्या काचेआड दिमाखात बसलो आणि मग या घरात आलो. घरात तिघंच. म्हातारे अण्णा, त्यांचा मुलगा, ज्याला अख्खी गल्ली दादा म्हणते, आणि दादाची बायको, म्हणजे वहिनी.

सुरुवातीला माझे काय लाड! दिवे गेले की सगळे माझ्याकडे धावत. अण्णा स्वतः फडक्याने मला पुसत, माझं तेल बदलत, आणि "आमचा पठ्ठ्या कधी दगा देत नाही" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मी फुगून जायचो. खोटं कशाला सांगू?

मग घरात इन्व्हर्टर आला. पांढराशुभ्र, गुपचूप, ना धूर ना आवाज. झालं! माझी रवानगी जिन्याखाली. वर फाटक्या चपला, बाजूला पंक्चर झालेली सायकल. धुराच्या नळीत पालीने अंडी घातली. अण्णांना दम लागू लागला, त्यांच्या नाकाला नळी लागली, आणि माझ्यावरून फडकं फिरवणारा हात अंथरुणाला खिळला. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन चिकट झालं तरी कोणी विचारायला आलं नाही.

आणि चक्रीवादळ आलं.

वाऱ्याने पत्रे उडवले, झाडं मुळासकट उपटली. आमच्या व्हरांड्यावर अंगणातलं झाड आडवं झालं आणि वीज गेली. इन्व्हर्टरने थोडा वेळ तग धरला आणि मान टाकली. त्याच्या बॅटरीत पाणीच नव्हतं, कोणी भरलंच नव्हतं. मला हसू आलं असतं, पण आतल्या खोलीत अण्णांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं. घरात एक छोटा सिलिंडर होता, त्यावर त्यांनी वादळ काढलं. उजाडलं तेव्हा त्याचा काटा तळाला टेकत होता आणि नवा आणायला रस्ता शिल्लक नव्हता.

"तो जनरेटर!" वहिनी ओरडली.

दादाने मला ओढत कंपाउंडच्या कोपऱ्यात आणलं. उघड्यावर, खिडकीपासून लांब ठेवलं, एवढं एक बरं केलं. माझा धूर बंद घरात शिरला तर माणसं झोपल्या जागी संपतात. स्कूटरमधलं पेट्रोल माझ्यात ओतलं. दोरी ओढून ओढून बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले, पण शेवटी मी खोकत खोकत सुरू झालो.

इथवर ठीक होतं. साधी लांब वायर घेऊन मशीन थेट मला जोडलं असतं की काम संपलं. पण दादाला सगळंच हवं होतं. फ्रिज हवा, पंखा हवा, मोबाइल चार्ज व्हायला हवा. त्याने दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर तयार केली. एक टोक माझ्यात, दुसरं हॉलच्या भिंतीतल्या प्लगमध्ये. "बघ, एका वायरीत अख्खं घर!" तो खुशीत म्हणाला.

"अहो, पण मेन स्विच?" वहिनीने विचारलं.

"तो व्हरांड्यात त्या झाडाखाली गाडलाय. आणि बाहेर वीजच नाही, तर मेन चालू काय आणि बंद काय!"

मित्रांनो, इथेच घात झाला. बाहेरून वीज आत येत नव्हती, हे खरं. पण मी आतून वीज ढकलत होतो, आणि विजेला दार उघडं दिसलं की ती बाहेरही जाते. घरातून मीटरकडे, मीटरमधून खांबावरच्या तारेकडे. पुढे कोपऱ्यावर ती तार तुटलेली होती. तिच्या उरलेल्या तुकड्यावर घरं दोनच, आमचं आणि समोरचं. समोरचे लोक वादळाआधीच कुलूप लावून निघून गेले होते. म्हणून एवढ्याशा भाराने मी लगेच दमून बंद पडलो नाही. नुसती पोटात एक जादा ओढ जाणवली आणि मी ओळखलं, काहीतरी भलतंच झालंय.

तेवढ्यात वायरमन आला. चिखलाने माखलेला, डोळे तारवटलेले. वादळ ओसरल्यापासून तो एका खांबावरून दुसऱ्यावर चढत होता. आमची तार त्याने पहाटेच तपासली होती आणि तेव्हा ती खरोखर मेलेली होती. मी तेव्हा सुरूच झालो नव्हतो. त्या तुटलेल्या तारेच्या खांबाला शिडी लावून तो चढू लागला.

माझं काळीज धडधडायला लागलं. हसू नका, इंजिनालाही काळीज असतं. मी थांबायला पाहत होतो, पण थांबलो तर अण्णा गुदमरणार. न थांबलो तर हा माणूस जळून खाली पडणार. एक जीव माझ्यावर टांगलेला, दुसरा माझ्यामुळे जाणार!

वर पोहोचल्यावर वायरमनने तोंडाशी हात धरून हाक दिली. मला त्याचे ओठ हललेले दिसले. "कुणाकडे जनरेटर चालू आहे का?" हेच विचारत असणार तो. पण माझ्या गोंगाटापुढे त्याची हाक घरात पोहोचलीच नाही, आणि माझी घरघर त्याला मागच्या गल्लीतली वाटली असावी. उत्तर आलं नाही तसं त्याने पक्कड काढली.

अण्णा खिडकीपाशी पडून रस्त्याकडे बघत होते. त्यांनी टाळी वाजवून वहिनीला बोलावलं आणि बोट दाखवलं. समोरच्या बंद घराच्या पोर्चमधला दिवा लागला होता. मिणमिणता, पिवळा.

"अगंबाई, वीज आली!" वहिनीचा चेहरा उजळला. मग तिने खांबाकडे पाहिलं आणि तो उजेड झरकन उतरला. "अहो, वीज आली असेल तर तो माणूस वर कसा चढेल? आणि आली नसेल तर तो दिवा कुणाच्या विजेवर लागलाय?"

 वहिनी अनवाणी धावत माझ्यापाशी आली. बटणावर हात ठेवला आणि मागून दादा किंचाळला, "अगं, अण्णांचं मशीन!"

तिचा हात थबकला. तिने खिडकीकडे पाहिलं. अण्णांनी नाकातली नळी स्वतःच्या हाताने काढून वर धरली होती, आणि दुसऱ्या हाताने खूण करत होते. बंद कर. बंद कर म्हणतो ना!

तिने बटण दाबलं.

"तारेला हात लावू नका!" मी गप्प झाल्यावर तिची हाक अख्ख्या रस्त्यावर ऐकू गेली. वायरमनचा हात तारेपासून वीतभर अंतरावर थांबला.

पुढचं सगळं धावपळीत झालं. दादाने ती दोन पिनांची वायर उपटून फेकली. वायर पोहोचावी म्हणून अण्णांना खुर्चीत बसवून दारात आणलं, मशीन चाकांवरून ओढलं, साध्या वायरने थेट मला जोडलं. अण्णांचे ओठ निळे पडत होते. दादाने दोरी ओढली. मी फुरफुरलो आणि विझलो. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. वर्षानुवर्षांची काजळी माझ्या स्पार्क प्लगवर बसली होती. मी जीव तोडून प्रयत्न करत होतो, मित्रांनो, पण ठिणगीच पडत नव्हती.

वायरमन खाली उतरून आला. मला वाटलं, आता हा दादाला चार शिव्या घालणार. त्याने अण्णांच्या ओठांकडे पाहिलं, "सरका" म्हणाला, गरम प्लग फडक्यात धरून काढला, खरवडला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत बसवला. मग ज्या हाताने तो तार धरणार होता त्याच हाताने त्याने माझी दोरी धरली आणि ओढली. मी गरजलो. मशीन पीं करून सुरू झालं, आणि वहिनीने नळी अण्णांच्या नाकाशी धरली.

हळूहळू ओठांवर रंग आला. वायरमन पायरीवर बसला. दादा समोर मान खाली घालून उभा होता.

"माफ कर... बाबा," अण्णा धापा टाकत म्हणाले.

"तुम्ही आधी श्वास घ्या, आजोबा," तो म्हणाला. "माझ्यासाठी तुम्ही तुमचा सोडला होतात. मी वरून पाहिलं."

तार जोडायची बाकी होतीच. त्याने टेस्टर लावून ती पुन्हा तपासली आणि पुन्हा वर चढला. मी इकडे धडधडत होतो. वहिनी रस्त्याच्या मधोमध, खांबाखाली जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, माझी काजळी काढा, शिळं पेट्रोल उपसा, मला उघड्यावर ठेवा आणि घराच्या प्लगमध्ये कधीही खुपसू नका. यंत्राला हाक मारता येत नाही आणि आलेल्या हाकेला ओ देता येत नाही. ते काम माणसांनाच करावं लागतं.

त्या दिवशी वरून थोड्या थोड्या वेळाने हाक येत होती, "ताई, आहात ना?"

आणि माझ्या एवढ्या गोंगाटावर आवाज चढवून वहिनी दर वेळी सांगत होती, "आहे! इथेच आहे!"